सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही

‘सॉकेट एकच असेल तर स्वस्तातल्या मदरबोर्डवरही कुठलाही नवा प्रोसेसर चालतो,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या त्याच्या जागेत, नीट बसतो. पण पुढे बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरला, तो ओळखता यावा लागतो.

इंटेलचं एलजीए ११५१ हे सॉकेट घ्या. त्यात सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर येतात, तसेच आठव्या-नवव्या पिढीचेही. तरी आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डवरची नियंत्रक चिप) लागतो. १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डवर तिला अधिकृत पाठबळ नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. सॉकेटशेजारी करड्या चौकोनी कॉइलची रांग दिसते, ती प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाची. स्वस्त बोर्डवर ही रांग छोटी असते आणि बाजूच्या चिपांवर बऱ्याचदा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसतो. जास्त कोरचा प्रोसेसर बराच वेळ ताणला की हा भाग तापतो आणि प्रोसेसरचा वेग कमी केला जातो. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

खात्री करणं सोपं आहे. बोर्डवर छापलेलं पूर्ण नाव आणि रिव्हिजन क्रमांक पाहा, उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या बोर्डची सीपीयू (प्रोसेसर) सपोर्ट यादी उघडा. प्रोसेसरपुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. तुमची जुनी असेल, तर आधीचा प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस अपडेट करा.