बार्नेकलची आठ वर्षं

नैसर्गिक निवडीची कल्पना चार्ल्स डार्विनला १८३८ मध्ये, माल्थस या अर्थतज्ज्ञाचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना सुचली. जन्माला येतात खूप, जगतात थोडे. ज्यांच्या अंगचा एखादा फरक कामी येतो त्यांची टिकण्याची शक्यता जास्त, आणि तो फरक पुढच्या पिढीत उतरतो. १८४४ पर्यंत सविस्तर मसुदाही लिहून झाला होता. तरी ही कल्पना मांडणारं त्याचं पुस्तक, ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’, निघालं १८५९ मध्ये. मधली वर्षं तो टीकेला घाबरून गप्प बसला, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. त्यातली आठ वर्षं, १८४६ ते १८५४, डार्विन बार्नेकलचा अभ्यास करत होता.

बार्नेकल म्हणजे समुद्रकाठच्या खडकांना, जहाजांच्या तळाला चिकटून राहणारे कवचवाले प्राणी. दिसायला शिंपल्यांसारखे, पण कुळ खेकडा-कोळंबीचं. १८३५ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर डार्विनला शंखाच्या कवचात भोक पाडून राहणारी एक विलक्षण जात सापडली होती. तिचं वर्णन करायचं तर तुलनेला इतर जाती हव्यात, असं करता करता ठिकठिकाणचे नमुने त्याच्या टेबलावर जमले. शिवाय जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राचं एक वाक्य त्याला लागलं होतं: ज्याने अनेक जातींचं बारकाईने वर्णन केलेलं नाही, त्याने जाती कशा निर्माण होतात या प्रश्नावर बोलू नये. हूकरचा रोख दुसऱ्याच एका लेखकावर होता. डार्विनने ते स्वतःला लावून घेतलं.

१८४४ च्या मसुद्यात त्याने रानटी प्राण्यांमध्ये फरक कमीच असतात असं धरलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली उलटंच दिसलं. एकाच जातीच्या दोन प्राण्यांचा जवळपास प्रत्येक अवयव थोडा वेगळा! जातींच्या सीमा आखताना तो वैतागला, पण निवड व्हायला लागणारा कच्चा माल निसर्गात भरपूर आहे, याची खात्री त्याला इथे पटली.

आणखी एक नवल होतं. बहुतेक बार्नेकल उभयलिंगी. काही जातींत मात्र मादीला अगदी चिमुकले नर चिकटलेले, तर काहींत उभयलिंगी प्राण्यालाच असे जादा नर. एका लिंगव्यवस्थेतून दुसरीकडे जाताना मधल्या पायऱ्या कशा असू शकतात, ते जिवंत प्राण्यांतच दिसत होतं.

जून १८५८ मध्ये मलाय द्वीपसमूहातून आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्ग-अभ्यासकाचा निबंध आला, नेमक्या याच कल्पनेचा. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. त्यानंतर सव्वा-दीड वर्षात डार्विनचं पुस्तक बाहेर पडलं, कारण पुरावा आधीच जमलेला होता. फरक पुढच्या पिढीत नेमके कसे उतरतात, हे मात्र त्याला उलगडलं नाही. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेलचा वाटाण्यांवरचा प्रबंध १८६६ मध्ये छापून आला, पण १९०० पर्यंत त्याचं महत्त्व फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.