ट्यूब लावताना तासाभराची वीज जाते का?

“दहा मिनिटांसाठी ट्यूब बंद करू नकोस, परत लावताना तासाभराची वीज खाते.” हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. एलईडी आल्यावरही लोक याच समजुतीने रिकाम्या खोलीत दिवे चालू ठेवतात, याचं फार वाईट वाटतं.

हिशेब करून पाहा. चार फुटी जुनी ट्यूब 36 किंवा 40 वॅटची. तांब्याच्या तारेचा चोक वेगळे दहा-बारा वॅट खातो, म्हणून एकूण 50 वॅट धरू. आता ट्यूब लुकलुकते तेव्हा 3 सेकंद पाचपट वीज लागते, असं मुद्दाम वाढवून मानलं, तरी ती वीज ट्यूब 15 सेकंद जळण्याइतकीच होते. तास कुठे आणि 15 सेकंद कुठे!

खरं आहे ते एवढंच: ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तंतूंवर लेप असतो. दर वेळी लावताना तो थोडा उडतो, टोकं काळी पडत जातात आणि ट्यूब लवकर जाते. म्हणजे फटका ट्यूबच्या आयुष्याला बसतो, बिलाला नाही.

एलईडीत तंतूच नसतो. 18-20 वॅटचा हा दिवा खोलीबाहेर पडताना खुशाल बंद करा. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची असेल, तर तिच्यासाठी चोक काढावा लागतो का हे वायरमनला आधी विचारा. आणि उतरवलेली जुनी ट्यूब फोडू नका, तिच्यात पारा असतो.