जीवरसायनशास्त्राचे चित्ररूप अध्यापन

रेणूंची रचना आणि पेशीतील अभिक्रिया आकृत्या, आलेख, प्रतिकृती व संगणकावरील त्रिमितीय चित्रांच्या आधारे शिकवण्याची महाविद्यालयीन पद्धत. ग्लुकोजचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. तो कोणी पाहिलेला नसतो. विद्यार्थ्याच्या लेखी चित्र म्हणजेच रेणू, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ग्लुकोज फिशर यांच्या १८९१ च्या पद्धतीत उभी साखळी असतो, हॉवर्थ यांच्या पद्धतीत सपाट षटकोन, तर खुर्ची-रचनेत दुमडलेले कडे. फिशर आकृतीत उजवीकडचा हायड्रॉक्सिल (OH) गट हॉवर्थमध्ये खाली जातो, एवढे सगळे पाठ करतात; का जातो, ते सांगता येत नाही. गोळ्या-काड्यांची प्रतिकृती हातात देऊन पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन पहिल्या कार्बनला जोडायला लावला, की साखळी कुठे वळते ते बोटांनाच कळते. फळ्यावर हे साधत नाही.

प्रथिनांची फितीची चित्रे जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये रूढ केली. त्यांत सर्पिल आतून पोकळ दिसते. खरे तर ते अणूंनी गच्च भरलेले असते. म्हणून तेच प्रथिन लगेच भरीव गोळ्यांच्या रूपातही दाखवावे. १९७१ पासूनच्या ‘प्रोटीन डेटा बँक’मधील रचना विनामूल्य मिळतात आणि मोबाइलवर फिरवून पाहता येतात. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला, प्रथिनसाखळीच्या वळणांचे कोणते कोन शक्य आहेत ते दाखवणारा आलेख मात्र प्रतिकृती हाताळल्यानंतरच दाखवलेला बरा. त्याआधी तो नुसते डाग वाटतो.

नाशिक परिसरातील बहुतेक विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. राज्यातील वैद्यकीय पदवीच्या पहिल्या वर्षाचे जीवरसायनशास्त्र नाशिक येथेच मुख्यालय असलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. शिकवायला हाताशी असलेले उदाहरण द्राक्षाचे. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज तोडून पायरुव्हेट करण्याच्या, दहा पायऱ्यांच्या तक्त्यात एनएडीचा (इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूचा) बाण बाजूला, बारीक वक्र काढलेला असतो आणि परीक्षेपुरता तो सुटला तरी चालतो. निफाड-दिंडोरीकडच्या वायनरीतील टाकीचा विचार केला तर सगळा खेळ त्याच बाणाचा आहे. यीस्ट पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते. टाकीत बुडबुडे येतात ते याच पायरीचे. उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडचे इथेनॉल होताना एनएडीएचपासून (एनएडीच्या इलेक्ट्रॉन घेतलेल्या रूपापासून) एनएडी परत मिळतो. एका ग्लुकोजमागे इथेनॉलचे दोन रेणू, कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि निव्वळ दोन एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू.

‘सुबक नामनिर्देशित आकृती काढा’ या प्रश्नातून हातवळण तपासले जाते, समज नव्हे. त्यापेक्षा तक्त्यातील अल्कोहोल डिहायड्रोजनेज, म्हणजे ॲसिटाल्डिहाइडचे इथेनॉल करणारे विकर (एन्झाइम), खोडावे आणि पुढे काय होईल ते विचारावे. ॲसिटाल्डिहाइड साचते, एनएडी संपत जातो आणि ग्लायकोलिसिस एनएडी लागणाऱ्या सहाव्या पायरीशी अडते.