मापून पाडलेली ठिणगी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मोबाईल रिपेरिंगच्या कुठल्याही गाळ्यात अर्थिंगच्या मनगटपट्ट्याचा (अंगावर साचलेल्या विजेची, म्हणजे स्टॅटिकची, ठिणगी चिपला मारू नये म्हणून ती जमिनीत सोडणारा पट्टा) विषय काढा, एक उत्तर ठरलेलं : "मुंबईत स्टॅटिक कुठलं हो, हवा बघा किती दमट!" ते अगदीच चूक नाही. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि साचलेला विद्युतभार त्यातून निसटतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या जुन्या हस्तपुस्तिकेतले आकडे या धंद्यात अजून सगळे वापरतात. आर्द्रता १० ते २० टक्के असेल तर गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. ६५ ते ९० टक्क्यांत तोच १,५०० वर येतो.

गोची ही, की १,५०० व्होल्ट आपल्याला कळतच नाहीत. बोटाला चटका जाणवायलाच साधारण ३,००० लागतात. आणि आयसीतल्या, म्हणजे चिपमधल्या, ट्रान्झिस्टरच्या गेटखाली (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाखाली) सिलिकॉन डायऑक्साइडचा जो थर असतो, तो नॅनोमीटरमागे जेमतेम एक व्होल्ट सोसतो. १९७३ साली अंधेरीत सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं, ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. तेव्हाच्या चिपमध्ये हा थर १०० नॅनोमीटरच्या घरात असे. आज तो काही नॅनोमीटरचा आहे. त्यात एसी खोलीतली हवा कोरडी करतो, म्हणजे बाहेरच्या दमटपणाचा आधारही गाळ्याच्या दारापर्यंतच.

म्हणून आयसीच्या प्रत्येक पिनशी एक संरक्षक सर्किट बसवलेलं असतं. ठिणगी आली की त्याने लगेच वाट मोकळी करायची आणि करंट जमिनीकडे न्यायचा. पण ते वेळेला काम करील याची खात्री कशी करायची? खरी ठिणगी भारी लहरी. हात किती वेगाने जवळ आला, बोट घामेजलेलं होतं की कोरडं, हवेत बाष्प किती, यावर तिचा आकार बदलतो. दोनदा सारखी पडेल तर शपथ. त्यामुळे ठिणगीची नक्कल करणारी यंत्रं बनवावी लागली.

सगळ्यांत जुनी नक्कल माणसाची. १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) म्हणजे माणूस आणि १,५०० ओहमचा रेझिस्टर म्हणजे त्याची त्वचा! कपॅसिटर २,००० व्होल्टवर चार्ज करून पिनवर रिकामा केला की सुमारे १.३३ अँपिअरचा करंट दहा नॅनोसेकंदांच्या आत शिखर गाठतो आणि पुढे दीडेकशे नॅनोसेकंदांत ओसरतो. याला ह्यूमन बॉडी मॉडेल म्हणतात. तयार उपकरणासाठी नक्कल वेगळी. हातात धातूची वस्तू धरलेला माणूस गृहीत धरून १५० पिकोफॅरड आणि ३३० ओहम घेतात, आणि पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र टोस्टरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यावर रोखतात. ८,००० व्होल्टला त्यातून ३० अँपिअरचं पहिलं शिखर निघतं, तेही नॅनोसेकंदाच्या आत. स्पर्श करून मारायचं टोक अणकुचीदार, हवेतून ठिणगी उडवायचं टोक गोल. या चाचणीला आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३० ते ६० टक्के आर्द्रता लागते. मुंबईत जुलैमध्ये खिडकी उघडी ठेवून ती होणारच नाही.

या साऱ्या यंत्रांची एक मर्यादा आहे, आणि माझ्या मते ती मोठी आहे. ती निकाल सांगतात, कारण सांगत नाहीत. २,००० व्होल्टला आयसी टिकला, २,५०० ला उडाला. बरं, मग? संरक्षक सर्किट उशिरा जागं झालं, की वेळेवर जागं होऊन जळलं, हे डिझाइन करणाऱ्याला कळत नाही.

कारण शोधायला ठिणगी हवी तशी बदलता आली पाहिजे. १९८५ मध्ये मॅलोनी आणि खुराना या संशोधकांनी दाखवलेली युक्ती इतकी साधी, की तिचा मुख्य भाग वर सांगितलेल्या लॅमिंग्टन रोडवर मीटरच्या भावाने मिळतो : कोअॅक्सियल केबल. दहा मीटर केबल मोठ्या रेझिस्टरमधून चार्ज करायची आणि रिले (विजेने चालणारा स्विच) टाकून एका टोकाने आयसीच्या पिनवर रिकामी करायची. केबलमध्ये लाट नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जाते. ती दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत, म्हणजे १०० नॅनोसेकंद, करंट सपाट राहतो आणि मग झटकन थांबतो. अर्धा मीटर केबल लावा, पल्स, म्हणजे हा करंटचा झटका, पाच नॅनोसेकंदांची. फिल्टर बदला, चढण मंद होते. केबल १०० व्होल्टवर चार्ज केली आणि संरक्षक सर्किट पूर्ण वाहू लागलं, की ५० ओहमच्या केबलमधून सुमारे दोन अँपिअर. या पद्धतीला ट्रान्समिशन लाइन पल्स, थोडक्यात टीएलपी म्हणतात. आता मिळणाऱ्या लवचीक उपकरणांत केबल, फिल्टर आणि जोड-खोके अदलून-बदलून एकाच पेटीतून चौकोनी पल्सही काढता येते आणि माणसाच्या मॉडेलची ठिणगीही.

काम चालतं ते असं. छोटी पल्स द्यायची, तिच्या सपाट भागात व्होल्टेज आणि करंट मोजून आलेखावर एक ठिपका टाकायचा. मग पिनवर अगदी थोडा दाब लावून गळतीचा करंट बघायचा. पुढची पल्स जरा मोठी. आधी व्होल्टेज वाढत जातं, करंट जवळजवळ नाहीच. एका जागी सर्किट जागं होतं आणि व्होल्टेज अचानक मागे येतं, करंट मात्र वाढतच राहतो. गळती तोवर नॅनोअँपिअरमध्ये मुंगीच्या पावलाने चाललेली. एका पल्सनंतर ती मायक्रोअँपिअरमध्ये उडी घेते. आयसी गेला. किती करंटला गेला, तेही आलेखावरच लिहिलेलं.

पल्सची लांबी का बदलायची, हे वुन्श आणि बेल या संशोधकांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. तापलेल्या तव्यावर बोट टेकवून पटकन उचललं तर निभावतं, तसंच सिलिकॉनचं. पल्स आखूड असेल तर जास्त शक्तीही सोसते, लांबली की उष्णता साचते. त्यांच्या हिशेबात घातक शक्ती पल्सच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात येते : पल्स चौपट लांब, शक्ती निम्मी पुरे.

पण फार आखूड पल्समध्ये उष्णतेऐवजी दाब मारतो. सर्किट जागं होण्याआधीच्या पहिल्या नॅनोसेकंदात व्होल्टेज उसळतं आणि गेटचा थर फुटतो. १०० नॅनोसेकंदांच्या चाचणीत ठणठणीत ठरलेला आयसी इथे मरतो. कारखान्यात हेच जास्त घडतं. प्लॅस्टिकच्या नळीतून घसरताना आयसी स्वतःच चार्ज होतो आणि धातूला टेकताच एका नॅनोसेकंदात रिकामा होतो. माणसाचा संबंधच नाही. चिपचं पॅकेज जितकं मोठं तितका भार जास्त साठतो, आणि त्याच व्होल्टला तग धरणं तितकं अवघड होतं. त्यामुळे आता अशा ठिणगीसाठी २५० व्होल्टचंच उद्दिष्ट पुरेसं मानलं जातं.

या वेगात मोजणंही अवघड होऊन बसतं. एका नॅनोसेकंदात लाट केबलमध्ये वीतभरच सरकते, म्हणून प्रोबच्या (मोजण्यासाठी पिनला टेकवायच्या) सुईची लांबीही हिशेबात धरावी लागते. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र) काही गिगाहर्ट्झचा लागतो आणि त्याची किंमत पल्स काढणाऱ्या पेटीच्या बरोबरीने जाते. घरी केबल आणि रिले घेऊन टीएलपी जोडणारे हौशी लोक याच ठिकाणी अडतात.