तिजोरीला कुलूप नव्हतंच

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफिल्डच्या बँकेचे कॅशियर जोसेफ ली हेवूड यांच्याबद्दल ऐकीव गोष्ट अशी: वेळेच्या कुलपामुळे (ठरावीक वेळेलाच उघडणाऱ्या) त्यांना बँकेची तिजोरी उघडता येईना, म्हणून जेम्स-यंगर या दरोडेखोरांच्या टोळीने त्यांना ठार मारलं. सपशेल चूक. ७ सप्टेंबर १८७६ला ते कुलूप लावलेलंच नव्हतं. तिजोरीचं दार नुसतं लोटलेलं होतं. कुलपाची थाप मारली ती हेवूड यांनीच! गळ्यावर सुरी टेकली, कातडी चिरली, तरी ते बधले नाहीत. आणि दरोडेखोर असे अर्धवट, की कुणीही दार ओढून पाहिलं नाही. आत सुमारे १५,००० डॉलर. हाती लागले जेमतेम २६ डॉलर.

ते कायमचे कॅशियरही नव्हते. मूळ कॅशियर फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेलेले, म्हणून हिशेबनीस हेवूड त्या खुर्चीत होते. गावाचे आणि कार्लटन कॉलेजचे खजिनदारही तेच.