दुष्टांचं बरं का चालतं? हबक्कूकच्या प्रश्नामागचा काळ

कुणाची जमीन बळकावली, कुणाचा पगार बुडवला की चर्चमध्ये कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतंच, देव बघून घेईल, तू शांत राहा. देव बघून घेईल यावर माझा पूर्ण भरवसा आहे. पण हा भरवसा ज्या माणसांनी आपल्याला दिला ती आधी देवासमोर चांगली मोठ्याने ओरडली होती, आणि ते ओरडणं पवित्र शास्त्रात जसंच्या तसं ठेवलंय, तेवढं आपण गाळतो. हबक्कूक हा त्यातलाच एक संदेष्टा, बायबलच्या जुन्या करारात त्याच्या नावाचं छोटं पुस्तक आहे. म्हणून त्याचा काळ जरा नीट बघायला हवा.

यहूदात, म्हणजे यरुशलेमच्या यहूदी राज्यात, त्याच्या जरा आधी योशीया राजा होता. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, राजाने तो ऐकून कपडे फाडले आणि देशभर मूर्ती, उच्चस्थानं म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थळं, सगळं साफ केलं. नियमशास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातला हिशोब सरळ आहे, आज्ञा पाळा म्हणजे आशीर्वाद, मोडा म्हणजे शाप. मग अशा राजाचं भलं व्हायला पाहिजे ना? इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो नखो याने त्याला मारलं, वय अवघं ३९.

आणि थोड्याच दिवसांत गादीवर कोण आला तर त्याचाच मुलगा यहोयाकीम, तोही नखोनेच बसवलेला. मिसरला १०० किक्कार (किक्कार हे मोठं वजनाचं माप) चांदी आणि १ किक्कार सोनं द्यायचं होतं ते त्याने लोकांवर टॅक्स लावून वसूल केलं, आणि त्याच सुमारास स्वतःसाठी प्रशस्त राजवाडा बांधायला काढला, गंधसरूची तक्तपोशी, हिंगुळाचा रंग, मजुरांना मात्र मजुरी नाही. यिर्मया या संदेष्ट्याने आपल्या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात त्याला तोंडावर सुनावलंय, तुझा बाप खाऊनपिऊन सुखी होता पण गरिबाचा न्याय करायचा, आणि तू? उरीया नावाचा संदेष्टा असंच बोलला आणि मिसरला पळाला तर तिथून धरून आणून त्याला तलवारीने मारलं. यिर्मयाच्या संदेशांची गुंडाळी राजासमोर वाचली जात होती तेव्हा हिवाळा होता, समोर शेगडी पेटलेली, तीनचार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा तुकडा कापायचा आणि आगीत टाकायचा. असा माणूस ११ वर्षं राज्य करून गेला! यिर्मया १२व्या अध्यायात देवालाच विचारतो की दुर्जनांची भरभराट का होते, तो प्रश्न हवेतून आलेला नाही.

हबक्कूकच्या पुस्तकात राजाचं नाव नाही, पण खास्दी म्हणजे बाबेलचे (बॅबिलोनचे) लोक उठतायत असं त्यात आहे म्हणून बरेच अभ्यासक ते याच वर्षांत ठेवतात. त्याची पहिलीच ओळ तक्रारीची, मी किती काळ हाका मारू आणि तू ऐकणार नाहीस. देव उत्तर देतो की मी खास्द्यांना आणतोय. यावर हबक्कूक गप्प बसत नाही, उलट आणखी खवळतो, की अहो ते तर आमच्यापेक्षा वाईट, आपल्याहून बऱ्या माणसाला दुष्ट गिळतोय आणि तू नुसता बघतोस कसा? मग तो पहाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो, उत्तर मिळेपर्यंत. मला हे उभं राहणं फार मोठं वाटतं. देव त्याला रागवत नाही, सांगतो की लिहून ठेव, वेळ लागला तरी वाट बघ, नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल. आणि त्यानंतर लुटणाऱ्यावर पाच वेळा हाय हाय, गहाणाच्या मालाने घर भरणारा, रक्त सांडून शहर बांधणारा, अशांच्या घरात भिंतीतला दगडसुद्धा ओरडेल आणि वरची तुळई त्याला साथ देईल. रोख बाबेलवर आहे, पण यहोयाकीमच्या राजवाड्यातही ते ऐकू गेलं असतं.

पुढे काय झालं ते इतिहासात आहेच. इ.स.पू. ६०५ मध्ये कर्कमीशला बाबेलने मिसरला हरवलं, ५९७ मध्ये यरुशलेम शरण गेलं, ५८६ च्या सुमारास मंदिर जळालं, आणि बाबेल पडलं ते ५३९ मध्ये, पारसाचा (इराणचा) राजा कोरेश याच्या हातून. म्हणजे कर्कमीशपासून ६६ वर्षं! हबक्कूकने ते डोळ्यांनी बघितलं असणं कठीणच. तरी तिसऱ्या अध्यायात, अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असं तो म्हणतो, तेही निकाल हातात नसताना.

स्तोत्र ७३ चा कवी आसाफही याच वाटेवरचा, दुष्टांची गुबगुबीत अंगं बघून त्याचा पाय घसरायलाच आला होता आणि ते त्याने भर उपासनेच्या गीतात कबूल केलंय.

१९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत ज्या पहिल्या गुंडाळ्या सापडल्या त्यात हबक्कूकच्या पहिल्या दोन अध्यायांवरचं भाष्य आहे, इ.स.पू. पहिल्या शतकातलं. ते लिहिणाऱ्यांना त्यांच्या काळातला एक याजक म्हणजे मंदिरातला पुरोहित छळत होता, गरिबांची संपत्ती लुटत होता, त्याचं नाव न घेता ते त्याला दुष्ट याजक म्हणतात. खास्द्यांच्या जागी त्यांना रोमी दिसत होते. आणि उशीर झाला तरी वाट बघ या ओळीपाशी ते लिहितात की शेवटचा काळ संदेष्ट्यांनी सांगितलं त्यापेक्षाही लांबणार आहे.