पाकिटावरचा प्रेषक आणि पत्रातला प्रेषक

नाशिकमध्ये, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या संकेतस्थळावर चौकशीचा फॉर्म होता. तो भरला की ‘धन्यवाद’ दिसायचे आणि चौकशी मेलने कारखान्याच्या पेटीत यायला हवी होती. जीमेलवाल्या ग्राहकांची चौकशी कधी इनबॉक्सात, कधी स्पॅममध्ये सापडायची आणि याहूवाल्यांची मात्र कधीच पोहोचायची नाही. फॉर्ममागचा कोड पीएचपी या भाषेत होता, आणि तिचे मेल पाठवणारे मेल() फंक्शन दर वेळी ‘ट्रू’ परत करत होते. पण त्याचा अर्थ सर्व्हरवरील पोस्टफिक्सने, म्हणजे मेल पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रामने, मेल ताब्यात घेतला एवढाच असतो, तो पोहोचला असा नव्हे.

गोंधळाचे मूळ एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन प्रेषकांत होते. टपालाच्या पाकिटावर मागच्या बाजूला एक पत्ता असतो आणि आतल्या कागदाच्या माथ्यावर दुसरा असू शकतो. ईमेलचेही तसेच आहे. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलताना ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेने जो पत्ता सांगतात तो पाकिटावरचा. मेल परत फिरला तर त्याची सूचना तिथेच जाते आणि पोहोचलेल्या मेलमध्ये तो ‘रिटर्न-पाथ’ या ओळीत दिसतो. वाचणाऱ्याला दिसणारी ‘फ्रॉम’ ही ओळ मात्र पत्राच्या आतली असते. कोडमध्ये ‘फ्रॉम’ बदलल्याने पाकीट आपोआप बदलत नाही, ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही.

या कारखान्याच्या पोहोचलेल्या एका मेलचे मूळ रूप उघडले, तेव्हा ‘फ्रॉम’मध्ये ग्राहकाचा जीमेल पत्ता होता आणि ‘रिटर्न-पाथ’मध्ये वेब सर्व्हरच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याचे नाव. उत्तर थेट ग्राहकाला जावे, या चांगल्या हेतूनेच कोड लिहिणाऱ्याने तो पत्ता तिथे घातला होता. पण एसपीएफ, म्हणजे या सर्व्हरला त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे का ही तपासणी, पाकिटावरच्या डोमेनची होते, तर डीमार्क या पुढच्या तपासणीला ‘फ्रॉम’मधील डोमेन हे एसपीएफने किंवा डीकेआयएमच्या (मेलला जोडलेल्या डिजिटल) सहीने सिद्ध झालेल्या डोमेनशी जुळलेले हवे असते. म्हणून एसपीएफ ‘पास’ दिसत असतानाही डीमार्क ‘फेल’ होऊ शकते, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथेच, कारण माणूस तो ‘पास’ शब्द पाहून निर्धास्त होतो. याहूने एप्रिल 2014 मध्ये आपल्या पत्त्यांच्या नावाने येणारे पण न जुळणारे मेल नाकारावेत असे धोरण जाहीर केले. जीमेलचे स्वतःच्या पत्त्यांसाठीचे धोरण तेवढे कडक नाही. ग्राहकाग्राहकांत दिसणारा फरक त्यातूनच आला होता. नाकारल्याच्या सूचना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या पेटीत साठत होत्या, आणि ती कोणी उघडत नव्हते.

दुरुस्ती लहान होती. ‘फ्रॉम’मध्ये कारखान्याच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवला, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये हलवला, आणि मेल()च्या पाचव्या पॅरामीटरमध्ये ‘-एफ’ देऊन पाकिटावरही कारखान्याचाच, रोज उघडला जाणारा पत्ता घातला. सर्व्हरचा आयपी पत्ता डोमेनच्या एसपीएफ नोंदीत जोडला. ग्राहकाने टाइप केलेला पत्ता हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या ओळींत, जाणार असल्यामुळे तो आधी तपासून, त्यात नवी ओळ घुसवलेली नाही याची खात्री करणेही आवश्यक आहे. अन्यथा तोच फॉर्म वापरून कोणीही तिसऱ्यालाच मेल पाठवू शकतो.

त्यानंतर याहूच्या पत्त्यावरून एक चाचणी चौकशी भरली. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये ‘सेंट’ आणि पलीकडच्या सर्व्हरचा 250 हा होकार दिसला, आणि मेल इनबॉक्सात आला.